माशांचा रोग आणि तोट्याची वाटणी

२०१५ च्या उन्हाळ्यात इजिप्तमधील नाईलच्या त्रिभुज प्रदेशात मत्स्यतळ्यांतील तिलापिया मासे मोठ्या संख्येने मरू लागले. त्यानंतर झालेल्या पाहणीत दर शंभरांपैकी ३७ तळ्यांच्या व्यवसायांना या मरतुकीची झळ पोहोचल्याचे आढळले. सुमारे ९८ हजार टन मासळी, म्हणजे जवळजवळ दहा कोटी डॉलरचे उत्पन्न बुडाले असावे, असा पाहणीकारांचा अंदाज होता. आकडा मोठा आहे खरा. परंतु कोणत्याही तोट्याचा विचार करताना तो किती झाला याइतकेच तो कोणाच्या माथी आला हेही पाहावे लागते.

मेलेल्या माशांपैकी काहींत जो विषाणू सापडला तो ‘तिलापिया लेक व्हायरस’ या नावाने ओळखला जातो. इस्रायलच्या गॅलिली सरोवरात आणि तेथील तळ्यांत २००९ पासून तिलापिया मरत होते. २०१४ मध्ये शास्त्रज्ञांनी त्यांतून हा विषाणू वेगळा केला. माशांचे डोळे पांढुरके होतात, कातडीवर व्रण पडतात, खाणे सुटते. माणसाला त्याची बाधा झाल्याचा पुरावा नाही. मात्र इजिप्तमधील सारा दोष एकट्या विषाणूवर टाकून मोकळे होता येणार नाही. तेथे १९८३ च्या कायद्याने मत्स्यतळ्यांना नाईलचे गोडे पाणी नाकारून शेतांतून निचरा होऊन आलेले पाणी तेवढे वापरण्याची मुभा दिली होती. म्हणजे शेतीने टाकलेले पाणी मत्स्यशेतीने घ्यायचे आणि एका तळ्यातून सुटलेले पाणी त्याच चरातून पुढच्याच्या तळ्यात शिरायचे. अशा व्यवस्थेत एकट्या तळेधारकाने कितीही दक्षता घेतली तरी शेजाऱ्याचा रोग त्याच्या दारी येणारच.

रोगाचा दुसरा मार्ग व्यापाराचा आहे. थायलंडमधील शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये बीजोत्पादन केंद्रांतील जुने नमुने तपासले, तेव्हा २०१२ पासूनच्या नमुन्यांतही विषाणू आढळला. अशा केंद्रांतून गेलेल्या बीजाबरोबर तो चाळीसहून अधिक देशांत पोहोचला असण्याचा संभव त्यांनी बोलून दाखविला. तरीही जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या सूचनीय रोगांच्या यादीत त्याला स्थान मिळाले ते २०२२ मध्ये. चाचण्या सिद्ध करण्यास वेळ लागतो, हे मान्य. पण रोगाची कबुली देणाऱ्याची निर्यात थांबते आणि मौन पाळणाऱ्याची चालू राहते, अशी ज्या बाजाराची रचना आहे, तेथे सत्य उशिराच बाहेर येणार. बीज विकणाऱ्याचा नफा विक्रीच्या दिवशीच पदरात पडतो. तोटा मात्र महिन्यांनंतर, कर्जाने घेतलेले खाद्य तळ्यात ओतून झाल्यावर, विकत घेणाऱ्याच्या वाट्याला येतो.

भारताचा या प्रश्नाशी संबंध जुना आहे. १९५२ मध्ये मोझांबिक तिलापिया श्रीलंकेतून येथे आणला गेला; इतर माशांना त्याचा उपद्रव होतो असे दिसल्यावर १९५९ मध्ये त्याच्या प्रसारावर बंदी आली. बंदी कागदावर राहिली आणि मासा जलाशयांत पसरला. उजनीचे मच्छीमार त्यालाच ‘चिलापी’ म्हणतात. पुढे सुधारित जातींच्या शेतीला सशर्त परवानगी मिळाली आणि २०१८ मध्ये पश्चिम बंगाल व केरळमधील तळ्यांत या विषाणूची नोंद झाली. २०२० च्या मत्स्यसंपदा योजनेत २०,०५० कोटी रुपयांची गुंतवणूक योजली आहे आणि जलाशयांतील पिंजऱ्यांना उत्तेजन आहे. पिंजऱ्याला जाळी असते. ती माशाला अडवते, विषाणूला नाही. पिंजरा ज्याच्या मालकीचा नाही, अनुदान ज्याने पाहिले नाही, त्या भोयाच्या जाळ्यातील चिलापीही उद्या त्याच पाण्यातून रोगी होऊ शकते.

यावर विम्याचा तोडगा सुचविला जातो. २०२४ मध्ये मंजूर झालेल्या सहा हजार कोटींच्या उपयोजनेत मत्स्यविम्याला प्रोत्साहन आहे, ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु विमा हा ज्याच्याजवळ कागद आणि हप्त्याचे पैसे आहेत त्याचा आधार. तोंडी कराराने तळे कसणाऱ्याला तो कसा पोहोचणार? शिवाय विमा झालेला तोटा भरून देतो, रोगाची वाट अडवीत नाही.

ती वाट अडविण्याचा धडा महाराष्ट्रात गिरवला गेला आहे. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा नष्ट केलेल्या कोंबड्यांची भरपाई सरकारने दिली. भरपाईची खात्री असेल तरच गरीब माणूस रोग उघड करतो. नाहीतर तो अर्धमेले मासे मिळेल त्या भावाने विकून टाकतो. त्यात त्याचा अप्रामाणिकपणा शोधणे हे पोट भरलेल्यांचे नीतिशास्त्र झाले.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. बोटुकलीच्या प्रत्येक खेपेची सरकारी प्रयोगशाळेत मोफत तपासणी व्हावी आणि निष्कर्ष खुले असावेत. रोग कळविणाऱ्यास भरपाई मिळावी. रोगी बीज विकणाऱ्यावर नुकसानीची जबाबदारी कायद्याने यावी. पिंजऱ्यांना परवाना देण्यापूर्वी त्या जलाशयातील मच्छीमार सहकारी संस्थांची संमती घ्यावी. मच्छीमारांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी हे प्रश्न आजच संस्थांच्या सभांपुढे ठेवले पाहिजेत. मरतूक सुरू झाल्यावर काढलेला मोर्चा भरपाई कदाचित मिळवून देईल. मेलेले तळे तो जिवंत करू शकणार नाही.