भात शिजल्याचे यंत्राला कोणी शिकवले?

१/ तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिताना आपण शोधकाचे नाव, साल आणि कंपनी नोंदवतो व तिथेच थांबतो. ही सवय अपुरी आहे, असे माझे ठाम मत आहे. ते मांडण्यासाठी आज एक साधी वस्तू घेऊ : भात होताच आपोआप बंद होणारा विजेचा राइस कुकर. #थ्रेड

२/ आच आवरण्याची मानवाची धडपड फार जुनी आहे. सतराव्या शतकात कॉर्नेलिस ड्रेबेल या डच संशोधकाने अंडी उबवण्यासाठी स्वतःची उष्णता स्वतःच नियंत्रित करणारी भट्टी रचली. अठराव्या शतकात जॉन हॅरिसनने आपल्या सागरी घड्याळात द्विधातू पट्टी बसवली. १८३० साली अँड्र्यू युअरने अशाच पट्टीवर आधारित नियंत्रकाचे पेटंट घेतले व त्यास ‘थर्मोस्टॅट’ म्हटले.

३/ या पट्टीचे तत्त्व सोपे आहे. पितळ आणि पोलाद यांच्या पट्ट्या एकमेकींना घट्ट जोडल्या, की तापल्यावर पितळ अधिक प्रसरण पावते आणि जोडपट्टी वाकते. वाकताना ती विजेचा मार्ग तोडते; निवताच पुन्हा जोडते. इस्त्रीचे बटण फिरवताना पट्टीने किती तापल्यावर संपर्क सोडावा, एवढेच आपण ठरवतो.

४/ मग भाताचे अवघड काय होते? इस्त्रीला एक ठरावीक तापमान राखायचे असते. भाताला तसे नव्हे. तो ‘झाला’ हे ओळखावे लागते. तांदूळ किती, पाणी किती, थंडी किती, यांवर वेळ बदलते. जपानमध्ये विजेवर भात शिजवणारी भांडी १९५५ पूर्वीही होती. परंतु त्यांच्याजवळ कोणाला तरी लक्ष देत बसावे लागे.

५/ तोशिबा कंपनीने हे काम टोकियोतील एका लहान कारखान्याचे मालक योशितादा मिनामी यांच्याकडे सोपवले. प्रत्यक्ष चाचण्यांचा मोठा भार उचलला तो त्यांच्या पत्नी फुमिको यांनी. थंडीत, उन्हात, वेगवेगळ्या परिस्थितीत भात शिजवून त्या तापमान आणि वेळ टिपून ठेवत. पाणी उकळल्यावर साधारण २० मिनिटे तशीच आच मिळाली, की भात उत्तम होतो, हे या प्रयोगांतून हाती आले.

६/ त्यावरची युक्ती विलक्षण होती. भांड्याबाहेर दुसरे भांडे, आणि त्यात मोजून पेलाभर पाणी. ते पाणी आहे तोवर तापमान १०० अंशांच्या वर जात नाही. सुमारे २० मिनिटांत ते आटते, तापमान एकदम चढते, द्विधातू पट्टी वाकते आणि वीज बंद होते. घड्याळाचे काम पाण्याने केले! १९५५च्या डिसेंबरात हा कुकर बाजारात आला.

७/ पुढे बाहेरचे भांडे गेले आणि चुंबक आले. आजच्या साध्या कुकरच्या तळाशी फेराइटचा तुकडा असतो. भाताने पाणी शोषले, की तळ १०० अंशांपलीकडे तापतो. १०३ अंशांच्या आसपास फेराइटचे चुंबकत्व लोपते, स्प्रिंग खटका पाडते. महाबळेश्वरी पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते, तरी कुकर चुकत नाही. कारण तो उकळी मोजत नाही, पाणी संपल्याची वाट पाहतो.

८/ आता मुद्दा. पट्टी नवी नव्हती, वीज नवी नव्हती. नवे होते ते भाताविषयीचे नेमके, मोजलेले ज्ञान. आधण कधी आले, तांदूळ कधी वैरायचे, आच कधी उतरवायची, हे चुलीपुढच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या जाणत होत्या. या जाणिवेला अंकांत उतरवणे हे संशोधनच होय. आपण मात्र त्याला ‘घरकाम’ म्हणून इतिहासाच्या पानावरून उतरवतो.

९/ कोणी म्हणेल, रचना तर मिनामींची आणि उत्पादन तोशिबाचे. मान्य आहे. ‘खऱ्या शोधक फुमिकोच’ असा उलटा दावा मी करत नाही. तोही तितकाच एकांगी ठरेल. रचना कोणाची, मोजणी कोणाची, पैसा कोणाचा, हे तिन्ही वेगवेगळे नोंदवावे, एवढाच माझा आग्रह आहे. मोजणी चुकली असती, तर उरलेल्या दोहोंच्या हाती करपलेला भात आला असता.

१०/ म्हणून इतिहासाच्या तरुण अभ्यासकांना विनंती : कोणत्याही यंत्राची कथा वाचताना ‘शोध कोणी लावला?’ यापुढे जाऊन ‘ते चालते, हे कोणी तपासून पाहिले?’ असाही प्रश्न विचारा. आजीच्या हस्तलिखित पाककृतींच्या वहीतील मापे आणि वेळा हीदेखील साधने आहेत. ती रद्दीत जाण्यापूर्वी त्यांची छायाचित्रे घेऊन ठेवा. आपले मत, विशेषतः मतभेद, जरूर कळवा.