थकवा गेला, आळस राहिला!

मैत्रिणींनो, दुपारची जेवणं झाली, भांडीकुंडी आवरली की जरा पाठ टेकायची सवय आपल्यापैकी बहुतेकींना असते. मलाही होती. फरक एवढाच, की माझं 'जरा' चार वाजेपर्यंत चालायचं आणि हातात मोबाइल असला तर पाचपर्यंत. मुलं शिकायला बाहेरगावी, ह्यांची ड्युटी, घरात मी एकटी. सकाळी सहाचा गजर बंद करून मी आठला उठायची. आणि गंमत म्हणजे हीच बाई आठवड्यातून दोन दिवस खेड्यापाड्यांत बचत गटाच्या बायकांपुढे उभी राहून 'आरोग्याकडे लक्ष द्या' म्हणून भाषण ठोकायची!

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. वसमतकडच्या एका गावात बैठक होती. दिवस हळद काढणीचे. आमच्या हिंगोली जिल्ह्यात या दिवसांत शेताशेतांत हळद काढणं, शिजवणं, वाळवणं सुरू असतं आणि त्यातलं कितीतरी काम बायकांच्याच हातचं. बैठक माडीवर होती. मी पंधरा-वीस पायऱ्या चढले आणि कठडा धरून उभीच राहिले. दिवसभर हळद वेचून आलेली साठीची एक मावशी मागून सरसर वर आली. म्हणाली, "ताई, किती दम लागायलाय तुम्हाला! बसा, पाणी प्या. मग आरोग्याचं सांगा आम्हाला." सगळ्या हसल्या. मीही हसले. पण ते वाक्य घरापर्यंत माझ्यासोबत आलं.

दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन नऊ! साखरही काठावर. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, चहासोबत घेऊ नका असं बजावलं. (आपण नेमक्या चहाच्या घोटासोबतच घेतो!) हे माझ्या एकटीचं दुखणं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी जवळपास ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं होतं. म्हणजे निम्म्याहून जास्त. तेव्हा सुनेला, जावेला, लेकीला 'आळशी' म्हणण्याआधी तिचं रक्त तरी तपासून घ्या. माझं हे स्पष्ट मत आहे.

तीन महिन्यांत हिमोग्लोबिन वाढलं. धाप थांबली, डोकं दुखायचं थांबलं. थकवा गेला. आणि तरीही मी आठलाच उठत होते! आता दोष ढकलायला काही उरलंच नाही. जे शिल्लक राहिलं त्याचं नाव आळस.

हे म्हणाले, "घरकामात व्यायाम होतोच की. वेगळा कशाला?" आपणही हेच म्हणतो. पण विचार करा, घरकामात आपण वाकतो, उठतो, ओट्याजवळ तासन् तास उभ्या राहतो. कंबर दुखते, घाम येतो तो गॅसच्या धगीनं. सलग अर्धा तास छाती भरून श्वास घेत भरभर चालणं त्यात कुठे असतं? जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला निदान १५० मिनिटं अशी हालचाल सांगते. रोज अर्धा तास, पाच दिवस. अर्थात हळदीच्या रानात राबणाऱ्या मावशीला मी हे सांगायला जाणार नाही. तिला विश्रांती हवी आणि पुरुषाइतकी मजुरी हवी. हे आपल्यासारख्या पंख्याखाली बसणाऱ्या बायकांसाठी आहे.

आता श्रद्धेचं. आम्ही ख्रिस्ती. आमच्यातल्या एका वडीलधाऱ्यांनी सल्ला दिला, "प्रार्थना कर, प्रभू आळस काढून टाकेल." केली प्रार्थना. अंथरुणात पडून केली! ती करता करताच डोळा लागायचा. शुभवर्तमानात येशू पहाटे अंधार असतानाच उठून एकांतात प्रार्थनेला जातो. आधी उठतो, मग प्रार्थना करतो. हा क्रम इतकी वर्षं वाचूनही माझ्या लक्षात आला नव्हता.

त्याच सुमारास ईस्टरच्या आधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ आला. दरवर्षी मी गोड सोडते. त्या वर्षी दुपारची झोप सोडली आणि वाचायला पंडिता रमाबाईंचं चरित्र घेतलं. शाळेत त्यांच्यावर चार ओळी पाठ केल्या होत्या, तेवढीच ओळख. ही बाई आई-वडील दुष्काळात गेल्यावर भावासोबत हजारो मैल पायी चालली आणि १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचली. आणि मला घरापासून कयाधूच्या पुलापर्यंत जायला रिक्षा लागत होती!

१८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, त्यावरून इथे केवढा गदारोळ झाला. पण मला जास्त भिडलं ते केडगावचं काम. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य भारतातून तीनशेच्या आसपास बायका-मुली आणल्या. उपाशी, आजारी, कित्येक विधवा. त्यांना त्यांनी नुसतं बसवून जेवू घातलं नाही. आधी औषधपाणी, अन्न. मग शेती, विणकाम, शिवण, छापखाना आणि त्यासोबत अक्षरओळख. कोपऱ्यात बसवून ठेवलेल्या बाईला आळशी म्हणणं सोपं असतं. तिच्या हाती काम आणि विद्या दिली की ती काय करते, ते केडगावात दिसलं. रमाबाईंनी स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि १९२४ मध्ये त्यांचं ते मराठी बायबल मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडलं. त्या छापखान्यात काम करणाऱ्या बायका-मुलीच होत्या.

मी काही बायबल भाषांतरित करणार नव्हते. मी फक्त बूट आणले. साडीवर बूट! पहिल्या दिवशी गल्लीत तीन जणींनी विचारलं, "कुठं निघालात, काही झालं का?" बाई विनाकारण रस्त्यानं चालली तर काहीतरी झालेलंच असणार, नाही का? आठ दिवस मान खाली घालून चालले. मग समोरच्या वहिनी सोबत आल्या, त्या चालता चालता हरिपाठ म्हणतात. नंतर मागच्या गल्लीतल्या एक भाभी फजरची नमाज आटोपून येऊ लागल्या. माझी प्रार्थना आता चालतानाच होते, मनातल्या मनात. भराभर चालताना मोठ्यानं बोलायला दम कुणाकडे आहे?

साखर अजून काठावरच आहे, पण पुढे सरकलेली नाही. वजन चार किलो उतरलं. दुपारच्या वेळात मी आता चार मुलींना मराठी अन् इतिहास शिकवते. बी.ए.ची पदवी इतकी वर्षं कपाटातच होती.

आळस मात्र पुरता गेला असं म्हणणार नाही, खोटं होईल. परवा कडाक्याची थंडी होती. गजर बंद केला आणि गोधडी डोक्यावर ओढली. सव्वासहाला दार वाजलं. वहिनी आणि भाभी दोघी कानाला मफलर गुंडाळून उभ्या. वहिनी म्हणाल्या, "काय हो, आज तुमचा देव झोपलाय का?"

"देव जागाच आहे," म्हटलं, "थांबा, बूट घालते."