रांगेच्या डावीकडून सायकल घालू नका



गळीत हंगाम सुरू झाला की आपण सारे टनेज, उतारा आणि पहिली उचल यांच्या हिशोबात गुंततो. ते साहजिकच आहे. परंतु हंगामाबरोबर आणखी एक गोष्ट सुरू होते आणि तिच्याविषयी आपल्या या पानांवर फारसे कोणी लिहीत नाही. ती म्हणजे काट्यापासून मागे लागणारी उसाच्या वाहनांची रांग आणि त्या रांगेला खेटून जाणाऱ्या सायकली. शाळेची पोरं, पाळी सुटलेले कामगार, डेअरीला दूध घालायला निघालेली मंडळी, सगळ्यांना याच रस्त्याने जायचे असते. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर पंधरा-सोळा मीटर जागा खातो. असे साठ उभे राहिले की जवळजवळ एक किलोमीटर रस्ता भरला. त्यात टायरगाड्या धरलेल्याच नाहीत.

गेल्या हंगामातली गोष्ट सांगतो. सांगताना लाज वाटते, कारण ट्रॉली माझ्याच उसाची होती. सकाळी साडेदहाचा सुमार. मी बांधावर उभा होतो. आमच्या वस्तीवरची नववीतली मुलगी रांगेच्या डाव्या बाजूने, ट्रॉली आणि चारी यांच्यामधल्या दीड-दोन हात जागेतून सायकलवर चालली होती. शाळेला उशीर झालेला. तेवढ्यात रांग हलली आणि समोरून एसटी आली. तिला वाट द्यावी म्हणून माझ्या ड्रायव्हरने ट्रॅक्टर डावीकडे दाबला. त्याचं चुकलं असं कोणी म्हणणार नाही. पहिली ट्रॉली वळली, तिच्यामागं दुसरी वळली आणि कडेला जागाच उरली नाही. पोरीनं सायकल सोडून चारीत उडी घेतली. हातपाय खरचटले, तेवढ्यावर भागलं. सायकलच्या मागच्या चाकाचा मात्र पार चुराडा झाला.

ड्रायव्हर म्हणाला, "तात्या, मला ती दिसलीच नाही." खरं बोलत होता तो. मी उगाच पोरीवर ओरडलो, "अगं, या बाजूनं कशाला घुसलीस?" ती रडत रडत म्हणाली, "तात्या, सायकल डाव्या बाजूनंच चालवायची, असं शाळेत सांगितलंय."

यावर मला उत्तर सुचले नाही. दुसऱ्या दिवशी चाक नवीन बसवून दिले, पण तिचे बोलणे डोक्यातून जाईना. शेवटी गोठ्यातली जुनी सायकल काढली, हवा भरली आणि चार दिवस रांगेच्या दोन्ही बाजूंनी स्वतः गेलो-आलो. लोक हसले. एकाने तर, "तात्या, पेट्रोल लई महाग झालं वाटतं?" असेही विचारले. हसू द्या.

माझे मत असे झाले आहे की मोकळ्या रस्त्यावर डावी कड धरणे बरोबर, पण उभ्या रांगेपाशी तीच शिकवण घातक आहे. वाहनाला ओलांडायचे ते उजवीकडून, हा नियम मोटारीला आहे तसाच सायकललाही आहे. डाव्या बाजूला खच्ची कड, खाली चारी, ट्रॉलीतून बाहेर आलेले उसाचे शेंडे आणि वरून केव्हा घसरेल याचा नेम नसलेली मोळी. ड्रायव्हरचे लक्ष समोर आणि उजवीकडे असते. शिवाय फाटकापाशी ट्रॅक्टर डावीकडे वळतो तेव्हा मागची ट्रॉली पुढच्या चाकोरीतून जात नाही, ती आत कापत येते. तिथे डावीकडे जो असेल तो सापडला. उजवीकडून जाताना समोरच्या वाहनाचे भय आहे, ते मी नाकारीत नाही. पण ते वाहन आपल्याला दिसते आणि आपण त्याला दिसतो. रस्ता अरुंद असेल आणि समोरून वाहन येत असेल, तर शेपटाशी थांबावे किंवा उतरून सायकल हातात धरावी. पाच मिनिटे उशीर झाला तर मास्तर काय करतील? फार तर उभे करतील.

दुसरी गोष्ट वेगाची. रांग उभी आहे म्हणजे रस्ता आपलाच, असे पोरांना वाटते. ताशी पंधरा किलोमीटरच्या वेगाने सायकल सेकंदाला चार मीटर जाते. दोन ट्रॉल्यांच्या मधून एखादा तोडकरी पाण्याची कळशी घेऊन बाहेर आला, किंवा त्याचे पोरच धावत आले, तर ब्रेक दाबेपर्यंत आपण त्याच्या अंगावर. म्हणून ट्रॉलीपासून हातभर नव्हे, चांगले दोन हात अंतर ठेवावे आणि माणूस भरभर चालतो त्याहून थोडे जास्त, एवढ्याच वेगाने जावे. ड्रायव्हरचे तोंड दिसते का पाहावे. आपल्याला तोंड दिसत नसेल तर त्याला आपण दिसत नाही, असे धरून चालावे. रांग हलणार हे आधी कळते. सायलेन्सरमधून काळा धूर निघतो, खाली गप्पा मारणारे ड्रायव्हर वर चढतात, गाडीवान जू उचलतो. ही चिन्हे दिसली की ओलांडायचे नाही. आणि ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या मधल्या सांध्यातून सायकल काढायची नाही म्हणजे नाही.

बैलगाड्यांपाशी वेगळी रीत. तिथे घंटी वाजवू नका, तोंडाने आवाज द्या. रात्रभर जागलेला बैल घंटीने बिचकतो.

आता आपल्याकडे वळतो, कारण सगळा दोष सायकलवाल्यावर घालून आपली सुटका नाही. धोका होईल अशा रीतीने वाहन रस्त्यावर सोडू नये, असे मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम १२२ सांगते. आपण काय करतो? रात्री ट्रॉली अंधारात उभी. रिफ्लेक्टर लावलेला असतो, पण त्यावर वाढे लोंबत असते, मग लावला काय न लावला काय! ड्रायव्हरचा डेक इतका मोठ्याने चाललेला की घंटी सोडा, एसटीचा हॉर्न ऐकू येत नाही. संचालक मंडळास माझी विनंती आहे की शाळा भरण्याच्या व सुटण्याच्या वेळी फाटकापाशी एक माणूस उभा करावा, आणि रांगेत दर चार-पाच वाहनांमागे एका ट्रॅक्टरएवढी जागा मोकळी ठेवण्याची सक्ती करावी. समोरून वाहन आले तर सायकलवाल्याला तेवढाच आसरा. यावर काही सभासद म्हणतील, मोकळ्या जागेत दुसरा घुसेल आणि आपला नंबर जाईल. घुसतो, हे मला ठाऊक आहे. मीही एकदा घुसलो आहे. म्हणून तर सक्ती म्हणतो.

यंदा माझ्या ट्रॉलीच्या मागचे लोंबते वाढे फडातच छाटायला मुकादमाला सांगितले आहे. डेकही काढून ठेवायला लावला. ड्रायव्हर चार दिवस माझ्याशी धड बोलला नाही. ती मुलगी यंदा दहावीला आहे. परवा रांगेच्या उजव्या बाजूने सायकल हातात धरून चालत गेली, माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "तात्या, उशीर झाला तर तुम्ही येऊन सांगायचं बरं का मास्तरांना."