टाके काढल्यानंतर

माझा भाचा मुलुंडला राहतो आणि अंधेरीला नोकरी करतो. म्हणजे रोज घाटकोपरपर्यंत लोकल आणि पुढे मेट्रो. एका पावसाळ्यात ओल्या दांडीवरून त्याचा हात सुटला आणि तो गाडीतून खाली पडला. दोष कोणाचा, हा आजचा विषय नाही. कवटीला तडा गेला, आत रक्त साकळले, शस्त्रक्रिया झाली आणि सोळा दिवसांनी पोरगा आपल्या पायांनी घरी आला. टाके काढले त्या दिवशी बहिणीने इमारतीत पेढे वाटले. "दादा, सुटलो एकदाचे," ती म्हणाली. आम्हा सर्वांनाच तसे वाटले होते.

त्यानंतर दीड वर्षाने घाटकोपरच्या पुलावर, सकाळी साडेनऊच्या गर्दीत, तो ताठ होऊन कोसळला. हातपाय झटकू लागला, तोंडाला फेस आला. कोणी नाकाशी चप्पल धरली, कोणी मुठीत किल्ल्या कोंबल्या. "सकाळी सकाळी चढवून आलाय," असा शेराही एकाने मारला. बरोबरच्या मित्राने हे सारे नंतर सांगितले.

डॉक्टर म्हणाले, हा त्या जुन्या माराचा परिणाम. डोक्याच्या इजेनंतर येणारा अपस्मार. बहिणीने एकच प्रश्न विचारला, "मग तेव्हाच काही औषध देऊन हे टाळता आले नसते का?" डॉक्टर सरळ म्हणाले, "नाही. असे औषध अजून जगात कुठेच नाही."

या उत्तराने मला अस्वस्थ केले. हृदय बदलता येते, हात दुसऱ्याचा बसवता येतो, मग हेच का जमू नये? मी वैद्यकातला माणूस नव्हे; पण जे वाचले, विचारले, त्यातून चित्र असे दिसते. मेंदूला जबर मार बसला की जखम वरून भरते, पण आत व्रण राहतो. सांडलेल्या रक्तातील लोह, दीर्घकाळ धुमसणारी सूज आणि पेशींची नव्याने होणारी जोडणी यांतून महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे काही तरी शिजत राहते. बाहेरून माणूस ठणठणीत असतो आणि एके दिवशी फिट येते. आज मिळणारी औषधे आलेली फिट आवरतात. हे शिजणे थांबवीत नाहीत. १९९० साली अमेरिकेत ४०४ रुग्णांवर झालेल्या चाचणीत फेनिटॉइन या औषधाने पहिल्या आठवड्यातील फिट कमी झाल्या. नंतरच्या अपस्मारावर मात्र काहीही परिणाम झाला नाही. भाच्यालाही सुरुवातीला आठवडाभर गोळ्या दिल्या होत्या. त्या तेवढ्यापुरत्याच होत्या, हे आम्हाला कळले नव्हते.

धोका किती? अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या एका परगण्यातील ४,५४१ जखमींचा अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. किरकोळ मार लागलेल्यांत पाच वर्षांत शंभरात एकालाही अपस्मार झाला नाही. गंभीर इजा झालेल्यांत शंभरात दहांना झाला आणि तीस वर्षांत हे प्रमाण सतराच्या घरात गेले. व्हिएतनाम युद्धात मेंदूत गोळी वा तुकडा शिरलेल्या सैनिकांच्या एका पाहणीत तर निम्म्याहून अधिकांना हा विकार जडला होता.

मग संशोधन का होत नाही? कारण हिशोब जुळत नाही. शंभर जखमींपैकी नव्वदांना काहीच होणार नसते. उरलेल्या दहांसाठी शेकडोंवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवावे लागते. औषध कंपनीला एवढी थांबायची सवड नसते. जिथे बाजाराला धीर नाही तिथे सरकारी तिजोरीनेच पुढे व्हायचे असते. अमेरिकेने ते केले, पण कोणामार्फत? संरक्षण खात्यामार्फत. इराक-अफगाणिस्तानातून डोक्याला मार लागून सैनिक परतले, तेव्हा २०१५ साली या विकारासाठी खास संशोधन योजना सुरू झाली. पहिल्या वर्षीची तरतूद ७५ लाख डॉलरची होती.

आमच्याकडे युद्ध नाही, असे कोण म्हणेल? मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर वर्षाला सुमारे अडीच हजार माणसे प्राण गमावतात. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याला दारात लटकणारे प्रवासी खाली पडले, तेव्हा चार दिवस सर्वांनी हळहळ व्यक्त केली. मृतांची मोजणी होते, जखमींचीही होते. जखमींपैकी कोणाला दोन वर्षांनी फेफरे आले, याची मोजणी कोण करतो? रुग्ण घरी जातो, बिऱ्हाड विरार-बदलापूरला हलवतो किंवा गावी परततो, आणि कागदावर तो 'बरा' असतो.

कायदाही टाक्यांपाशीच थांबतो. गाडीतून पडलेल्या प्रवाशाला भरपाईचा हक्क १९९४ पासून आहे आणि २०१७ पासून कमाल रक्कम आठ लाख झाली. नियमांत गेलेल्या हातापायांचा, डोळ्यांचा हिशोब बारकाईने मांडलेला आहे. पण दावा सर्वसाधारणपणे एका वर्षाच्या आत करावा लागतो. उशिराचे सबळ कारण मान्य होऊ शकते, हे खरे. पण ज्याला फिट दीड वर्षाने येते, त्याने ती जुन्या मारामुळेच आली हे सिद्ध करायचे कशाच्या आधारे? ज्या देशात अशा रुग्णांची नोंदच ठेवली जात नाही, तिथे त्याच्या हातात पुरावा कुठून येणार?

कोणी म्हणेल, आधी अपघात थांबवा, स्वयंचलित दारे बसवा, हेल्मेटसक्ती करा. अगदी मान्य. पण जे पडले त्यांचे काय? आणि संशोधन हा श्रीमंतांचा शौक आहे, हे मला पटत नाही. वर सांगितलेला मिनेसोटाचा अभ्यास काही अवाढव्य यंत्रांवर झाला नव्हता; १९३५ ते १९८४ या काळातील रुग्णांचे कागद नीट जपले होते, एवढेच. असे काम मुंबईलाही नवे नाही. देशातील कर्करोगाची पहिली लोकसंख्याधारित नोंदणी १९६३ साली याच शहरात सुरू झाली. ज्यांनी ती सुरू केली त्यांच्यापाशी संगणक नव्हते.

शीव, कूपर, राजावाडी अशा सार्वजनिक रुग्णालयांत डोक्याला मार लागलेले जेवढे रुग्ण येत असतील, तेवढे जगातल्या फार थोड्या शहरांना पाहायला मिळत असतील. प्रत्येकाची नोंद करावी, पाच वर्षे दर सहा महिन्यांनी त्याला फोन करावा, फिट आली का एवढे विचारावे. घरी सोडताना मराठी-हिंदीत एक पान द्यावे: असे होऊ शकते, झाल्यास कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, पाच मिनिटांत थांबले नाही तर रुग्णालय गाठा. ही नोंदवही असली की उद्या नवे औषध तपासायला पाया तयार असेल. ज्या महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार कोटींच्या वर होता, तिला हा खर्च जड नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने हात लावला तर आणखी उत्तम.

भाच्याला आता वर्षभर फिट आलेली नाही. रोज रात्री तो न चुकता गोळी घेतो. डॉक्टरांनी दुचाकी बंद केली आहे आणि लग्नाचा विषय निघाला की बहीण गप्प होते. अपस्मार हे विवाह रद्द करण्याचे कारण १९९९ सालीच कायद्यातून गेले. मनातून अजून गेलेले नाही.

बहिणीच्या त्या प्रश्नाला आज उत्तर नाही, हे मी स्वीकारले आहे. पण आणखी वीस वर्षांनी मुलुंडच्या दुसऱ्या एखाद्या आईने तोच प्रश्न विचारला आणि तिलाही तेच उत्तर मिळाले, तर तो दोष विज्ञानाचा नसेल. आपण टाके काढले आणि पेढे वाटून मोकळे झालो, असा त्याचा अर्थ होईल.