पाचवा अध्याय पुढेही वाचा

नोकरी गेलेल्या, हप्ते थकलेल्या बापाला १ तीमथ्य ५:८ ऐकवणारे एक उपदेशक सध्या फार मागणीत आहेत. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : घरच्यांचे जो पाहत नाही तो अविश्वासणाऱ्याहून वाईट, तेव्हा ज्याचे भागत नाही त्याने आपला विश्वास तपासावा, पश्चात्ताप करावा आणि दशमांश मात्र चुकवू नये. ईयोबाच्या मित्रांचे निदानही असेच झटपट होते. शेवटी देवाचा राग कोणावर झाला, हे ते पुस्तक सांगते.

मुळात हा अध्याय बेकारांबद्दल नाहीच. तिसऱ्या वचनापासून सोळाव्यापर्यंत विषय एकच : विधवांना कोणी सांभाळायचे? मुले-नातवंडे असतील तर त्यांनी; कोणीच नसेल तर मंडळीने. त्यासाठी साठीपुढच्या विधवांची यादी होती आणि घरच्यांनी आपापल्या विधवा सांभाळल्या तर मंडळीला खऱ्या निराधारांकडे पाहता येईल, असा साधा हिशेब होता. म्हणजे आठव्या वचनाचा रोख आहे तो ऐपत असून आई-आजीला वाऱ्यावर सोडणाऱ्यावर. सकाळी नाक्यावर उभे राहून दुपारी रिकाम्या हाताने परतणाऱ्यावर तो वळवायचा, तर बाकीची तेरा वचने झाकून ठेवावी लागतात. आमचे उपदेशक ती मोठ्या कौशल्याने झाकतात. आणि यादीचे काय? ध्वनियंत्रणेला देणग्या देणाऱ्यांची नावे भिंतीवर ठळक आहेत. निराधारांची यादी कोणत्या कपाटात आहे, ते एकदा कळवावे.

‘काम करायचे नसेल त्याने खाऊही नये’ हे थेस्सलनीकाकरांना लिहिलेले वचन पुढे करू नका. ते काम टाळणाऱ्यांसाठी आहे. आणि गरिबी हा अल्पविश्वासाचा पुरावा असेल, तर मंदिरात कोकराऐवजी पाखरांची जोडी अर्पण करणाऱ्या योसेफ-मरीयेचे काय करायचे?

दशमांशाचा जुना वाद उकरायचा नव्हता, पण उपदेशकांनी मलाखी काढलाच आहे, तर अनुवादाचा चौदावा अध्यायही काढावा. तिसऱ्या वर्षीचा दशमांश गावातच ठेवायचा, लेव्याने, परक्याने, अनाथाने, विधवेने पोटभर खावे म्हणून. म्हणजे चूल विझलेल्या घराकडे तो जायचा. आपण त्याच घरासमोर पेटी फिरवतो आणि त्याला आज्ञापालन म्हणतो. असो.

मग अपराधी वाटणाऱ्याने काय करावे? मजुरी दारूत घातली असेल तर पश्चात्ताप करावा. तिथे माझे भांडण नाही. पण काम शोधूनही मिळाले नसेल, तर ते पाप म्हणून कबूल करू नये. गरज म्हणून सांगावे, आधी घरी, मग वडीलमंडळाला. मत्तय २० मधल्या मजुरांनी दिवस मावळतानाही एवढेच सांगितले होते की आम्हाला कोणी कामाला लावले नाही. मळ्याच्या धन्याने ते खरे मानले, उरलेल्या तासासाठी काम दिले आणि संध्याकाळी पूर्ण दिवसाची मजुरी हातावर ठेवली. खुद्द येशूने वधस्तंभावरून आपली आई शिष्याच्या हवाली केली. आईला दुसऱ्याच्या घरी सोपवण्यात त्याला कमीपणा वाटला नाही आणि त्या शिष्याने विश्वासाचे प्रमाणपत्र मागितले नाही.

मंडळीला एवढे जड वाटत असेल, तर कबुली तिने द्यावी.