उपासाचे पोवाडे पुरे झाले

धाराशिवच्या सारिका काळेला २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला. २०१६ च्या दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेत खो-खोचे सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची ती कर्णधार. पुरस्काराच्या वेळी तिने सांगितले की, खेळाच्या काळात जवळजवळ दहा वर्षे ती दिवसातून एकदाच जेवत होती. वडिलांची कमाई तुटपुंजी, आई शिवणकाम करायची. २०१६ साली तर खेळच सोडावा, इथवर ती आली होती.

वर्तमानपत्रांनी याची ‘प्रेरणादायी कहाणी’ केली. उपाशी राहून जिंकली, काय ही जिद्द! माझा आक्षेप या कौतुकालाच आहे. वाढत्या वयाची मुलगी दहा वर्षे अर्धपोटी राहते, ही समाजाने मान खाली घालावी अशी गोष्ट आहे. आपण मात्र तिचा दागिना करून पोरीच्याच गळ्यात घालतो.

बाईची उपासमार हा गुण मानण्याची आपली परंपरा जुनी आहे. घरात ती शेवटी जेवते, उरलेसुरले खाते, वर नवऱ्यासाठी व्रत धरते. त्यात आता खेळाडू पोरीच्या उपासाची भर पडली.

काहीजण म्हणतात, हलाखीतूनच माणूस घडतो. उपासाने खेळाडू घडत असते तर मराठवाड्यातल्या वस्तीवस्तीवर अर्जुन पुरस्कार निघाले असते! सारिका उपासामुळे जिंकली नाही, उपास असूनही जिंकली. तिच्याइतक्याच चपळ ज्या पोरी अर्ध्यात गळाल्या, त्यांची कहाणी कोणी छापत नाही.

खो-खोला दोन खांब आणि मोकळे मैदान पुरते, म्हणून गरिबाची लेक या खेळात येऊ शकते. पण खांब फुकटात रोवले तरी पळायला अंगात रक्त लागतेच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. शाळेतला पोषण आहार आठवीला थांबतो. म्हणजे पाळी सुरू झालेली, अंगाने भरणारी, मैदानावर रंगात आलेली पोर नववीत जाते आणि तिचे ताट काढून घेतले जाते.

वसमत तालुक्यात मी किशोरींच्या गटांबरोबर काम करते. सकाळी पाणी भरायचे, धाकट्यांना सांभाळायचे, हंगामात हळदीच्या रानात जायचे, मग शाळा. संध्याकाळी मैदानावर भावाला जागा असते, हिला चूल असते. दहावी झाली की स्थळे सुरू.

शासनाचा हातही पदकानंतरच पुढे येतो. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, ते हवेच. सारिका स्वतः तालुका क्रीडा अधिकारी झाली, याचा आनंद आहे. पण पदकाच्या आधीची दहा वर्षे कोणाच्या हिशेबात धरायची?

जानेवारी २०२५ मध्ये प्रियंका इंगळेच्या नेतृत्वाखाली आपल्या मुलींनी दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक जिंकला. पुन्हा हारतुरे झाले. आपल्या संघटनाही ८ मार्चला शाल-श्रीफळ देऊन मोकळ्या होतात. मैदान हा आपण चळवळीचा प्रश्न मानलाच नाही.

तो आता मानू या. नववी ते बारावीच्या मुलींना शाळेत पोटभर आहार आणि गावाच्या मैदानावर रोज तासभर मुलींचा हक्काचा, या दोन मागण्यांचा ठराव येत्या ग्रामसभेत मांडू या. शाल एक वर्ष नसली तरी चालेल.