उरलेल्या तणाचा बंदोबस्त

मनमाडहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील लासूर स्टेशन हे गंगापूर तालुक्यातील धान्य, कापूस व कांदा यांच्या व्यापाराचे ठिकाण होय. आसपासच्या गावांतून मका मोठ्या प्रमाणावर होऊ लागल्यापासून मृगाचा पाऊस पडला की, येथील कृषि सेवा केंद्रांवर बियाणे व खते यांच्या जोडीने तणनाशकाचीही मागणी सुरू होते. मागणीची रीत बहुधा ठरलेली असते. गेल्या सालचे रिकामे पाकीट पुढे करावयाचे आणि “हेच द्या” म्हणावयाचे. मागील साली ह्या औषधाने रान स्वच्छ ठेवले, मग यंदा ते बदलण्याचे कारण काय, असा सरळ हिशेब त्यामागे असतो. हिशेब खोटा नाही, पण अपुरा आहे. गेल्या साली किती तण मेले हे त्यात धरलेले असते. कोणते तण उरले आणि त्याच्या बियांचे पुढे काय झाले, हे धरलेले नसते.

वस्तुतः विचार करावयाचा तो ह्या उरलेल्या तणाचाच. एका शेतातील माठाची झाडे डोळ्यांना सारखी दिसली, तरी आतून ती एकसारखी नसतात. लाखो झाडांत एखादे असे निपजते की, जे औषध शेजारच्या झाडास चार-आठ दिवसांत वाळविते, ते त्यास बाधत नाही. काही झाडांत औषध ज्या जागी घाव घालते त्या जागेची घडणच किंचित निराळी असते; काही झाडे अंगात शिरलेले औषध फोडून निरुपयोगी करून टाकतात. अशी झाडे औषधाने निर्माण होत नाहीत. ती पूर्वीपासून तुरळक असतातच. औषध त्यांची केवळ निवड करते. ज्वारीच्या खळ्यावर शेतकरी टपोरी कणसे बाजूस काढून बियाण्यास ठेवतो आणि काही वर्षांत त्याच्या रानात तशीच कणसे अधिक दिसू लागतात. तणनाशकाचे काम नेमके असेच चालते; मात्र येथे निवड तणाची होते आणि ती शेतकऱ्याच्या नकळत होते. शंभरात दोन झाडे उरली तर रान स्वच्छच दिसते, म्हणून पहिली काही वर्षे कोणाच्या लक्षात काही येत नाही. लक्षात येते तेव्हा जमिनीत बियांचा साठा पडून राहिलेला असतो.

ही केवळ पुस्तकी भीती नव्हे. हरियाणा व पंजाब ह्या प्रांतांतील गव्हात गुल्लीदंडा नावाचे एक तण माजते. तिकडे त्यास मंडूसी असेही म्हणतात. ओंबी बाहेर पडेपर्यंत ते गव्हासारखेच दिसत असल्याने खुरपणाऱ्याच्या नजरेसही चकविते. १९८० नंतरच्या काळात आयसोप्रोट्युरॉन ह्या औषधाने त्याचा चांगला बंदोबस्त झाला. तेव्हा खरिपात भात आणि रब्बीत गहू हा एकच फेर धरून शेतकऱ्यांनी गव्हात वर्षानुवर्षे हेच एक औषध वापरले. पुष्कळांनी ते फवारण्याऐवजी वाळूत किंवा युरियात मिसळून हाताने फेकले. त्यामुळे कोठे मात्रा जास्त पडली, तर कोठे निम्मीही पोहोचली नाही. १९९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत औषध चालेनासे झाले आणि हिसार येथील हरियाणा कृषि विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी ह्या तणातील प्रतिकारशक्तीची नोंद केली. कित्येक शेतांत गव्हापेक्षा गुल्लीदंडाच अधिक झाला आणि उभे पीक हिरवेच कापून जनावरांपुढे टाकावे लागले. देशाचे धान्यकोठार म्हणविणाऱ्या प्रदेशात गव्हाची वैरण व्हावी, ही गोष्ट लहान नव्हे.

पुढे १९९७-९८ च्या सुमारास क्लोडिनाफॉप, फेनॉक्झाप्रॉप व सल्फोसल्फ्युरॉन ही नवी औषधे आली आणि शेतकऱ्यांना हायसे वाटले. परंतु वापरण्याची रीत जुनीच राहिली, आणि काही वर्षांतच गुल्लीदंडा ह्या औषधांनाही दाद देईनासा झाला. ह्या साऱ्या प्रकरणात एक गोष्ट मात्र ध्यानात घेण्यासारखी आढळली. ज्या शेतांत भात-गव्हाच्या मध्ये ऊस, बरसीम, सूर्यफूल, कापूस किंवा भाजीपाला येऊन गेला होता, तेथे हा उपद्रव पुष्कळच कमी होता. जमीन तीच, हवामान तेच, औषधही तेच; फरक होता तो पिकांच्या फेरात.

लासूर भागात भात नाही व गुल्लीदंड्याचा प्रश्नही नाही. पण त्याच रानात दरसाल खरिपाचा मका आणि मक्यात दरसाल अॅट्राझीन, हा फेर हरियाणाच्या फेराहून फारसा वेगळा म्हणता येणार नाही. जगात ज्या औषधांना तणे प्रथम दाद देईनाशी झाली, त्यांत अॅट्राझीनच्याच घराण्यातील सिमाझीन होते. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील एका रोपवाटिकेत १९६८ मध्ये हा प्रकार आढळला आणि त्यानंतर अमेरिका व युरोप येथील मक्यात माठ व चाकवत ह्या जातींच्या तणांवर अॅट्राझीन चालेनासे झाले. ही दोन्ही तणे इकडील शेतकऱ्याच्या नेहमीच्या ओळखीची आहेत.

तथापि, तण मेले नाही म्हणजे ते प्रतिकारक झाले, अशी समजूत करून घेणे चुकीचे होईल. लव्हाळा व हराळी यांचा अॅट्राझीनने मुळातच बंदोबस्त होत नाही; त्यांच्या गाठी व मुळ्या जमिनीत सुरक्षित असतात. केनाही अनेक औषधांस मुळातच चिवट आहे. (औषधास दाद न देणाऱ्या तणांच्या अगदी पहिल्या नोंदींपैकी एक, १९५७ मधील हवाई बेटांच्या उसातील नोंद, केन्याच्याच एका जातीची आहे, तेथील औषध २,४-डी हे होते.) दुसरे असे की, अॅट्राझीन हे पेरणीनंतर, तण उगवण्यापूर्वी, ओल्या जमिनीवर मारावयाचे औषध आहे. गंगापूर तालुका कमी पावसाचा. पेरणी होऊन पावसाने ताण दिला, तर कोरड्या ढेकळांवर पडलेले औषध वाया जाते. फवारणाऱ्याची चाल कमीजास्त झाली किंवा पंपाचे तोंड झिजलेले असले, तर तणाचे सरळ पट्टे उरतात. हा दोष तणाचा नव्हे, फवारणीचा.

खरी शंका घ्यावयाची ती निराळ्या खुणांवरून. पूर्वी ज्या औषधाने मरत असे ते एकच तण आता मरत नाही, इतर तणे मात्र त्याच फवाऱ्याने मेली आहेत. मेलेल्या माठाशेजारी त्याच वयाचा माठ टवटवीत उभा आहे. आणि असे तण पट्ट्यांत नव्हे तर ठिकठिकाणी पुंजक्यांनी दिसते व तो पुंजका दरसाल वाढतो आहे. ह्या खुणा दुकानात बसून दिसत नाहीत. गावपातळीवरील कार्यकर्त्याने फवारणीनंतर दोन-तीन आठवड्यांनी शेतात जाऊन, खाली वाकून पाहावयास पाहिजे. शंका आल्यास उरलेल्या झाडांचा नमुना कृषि विज्ञान केंद्रात किंवा परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठात तज्ज्ञांपुढे ठेवावा. ह्या कामी एक चकरा जास्त झाली तरी बिघडत नाही.

असे तण दिसताच बाजारात मिळणारा सल्ला एकच असतो: “मात्रा वाढवा.” हा सल्ला देणारे बहुधा सद्हेतूनेच देतात, पण तो घातक आहे. शिफारशीहून जास्त मात्रेने पिकास व पुढील हंगामातील हरभऱ्यासारख्या पिकास इजा होण्याचा संभव असतो, खर्च वाढतो, आणि जे झाड औषधास बधत नाही ते दुप्पट मात्रेसही बधेलच असे नाही. उलट काटकसर म्हणून मात्रा निम्मी करणेही तितकेच वाईट. निम्म्या मात्रेत अर्धवट चिवट झाडे जगतात, त्यांचा आपसांत संकर होतो आणि पुढची पिढी अधिक चिवट निपजते.

दुसरा सल्ला औषध बदलण्याचा. तो योग्य आहे, पण बदल नावाचा झाला की घावाचा, हे पाहणारे थोडे. मका उगवल्यानंतर मारावयाच्या औषधांत टेम्बोट्रायोन व टोप्रामेझोन ही दोन सध्या प्रचारात आहेत. एका साली एक व दुसऱ्या साली दुसरे मारले तर फेरपालट झाली असे शेतकऱ्यास वाटते. प्रत्यक्षात दोन्ही औषधे झाडाच्या एकाच वर्मावर घाव घालतात; जे तण एकास पचविते, ते बहुधा दुसऱ्यासही पचविण्याच्या वाटेवर असते. सोयाबीनमधील इमॅझेथापायर आणि गव्हातील मेटसल्फ्युरॉन यांचेही तसेच. पीक निराळे, हंगाम निराळा, बाटली निराळी, पण घाव एकच. खरिपाची बहुतेक तणे रब्बीत उगवत नाहीत म्हणून येथे धोका काहीसा कमी. गाजरगवत मात्र वर्षभर उगवते आणि दोन्ही हंगामांतील औषधे त्याच्याच अंगावर पडतात. पाकिटावरील व्यापारी नावावरून ह्यांतले काहीच समजत नाही. कोणती औषधे एका जातीची आहेत याची यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहून ठेवणे, हे गावच्या कार्यकर्त्याचे मृगापूर्वीचे पहिले काम समजले जावे. ते होत नाही, ही विस्तारकार्यातील उणीव होय. तिचा दोष शेतकऱ्याकडे जात नाही.

ह्या सर्वांवरून तणनाशके सोडून द्यावीत असे मत मांडणारेही आहेत. ते मत व्यवहारास धरून नाही. मक्यास पहिले तीस-चाळीस दिवस तणाचा त्रास सर्वांत जास्त, आणि नेमक्या त्याच दिवसांत खुरपणीस बायका मिळत नाहीत, कारण त्याच वेळी कापसाचीही खुरपणी असते. झडीचा पाऊस लागला तर आठ-आठ दिवस रानात पाय घालता येत नाही. औषध हवेच. चूक झाली ती निराळी: औषध आले आणि कोळपे गोठ्याच्या आढ्याला अडकले. योग्य ओलीवर एकदा औषध मारून तीन-चार आठवड्यांनी कोळप्याची एक पाळी दिली, तर औषधातून सुटलेल्या तणाची रोपे औषधास बधतात की नाही हा प्रश्नच राहत नाही. लोखंडाच्या पासेपुढे सर्व झाडे सारखी. पेरणीपूर्वी पहिल्या पावसाने उगवलेले तण वखराच्या पाळीने मोडून मग पेरावे, ही जुनी रीतही अशीच उपयुक्त आहे. मात्र पाऊस बेताचा असेल त्या साली ओल उडण्याच्या भीतीने शेतकरी थांबत नाही आणि त्यास बोल लावता येत नाही.

पिकांच्या फेराविषयीही थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. कुक्कुटखाद्य, स्टार्च आणि अलीकडे इथेनॉल यांसाठी मक्याला मागणी आहे. लासूरच्या बाजारात मका विकून हाती रोख पैसा येतो. तेव्हा तणाच्या भयाने मका सोडा, असे सांगणाऱ्याचे कोणी ऐकणार नाही. पण सर्व रान एकदम मक्याखाली न घालता त्याचे तीन भाग करून एका भागात आळीपाळीने तूर किंवा कापूस घेणे बहुतेकांस शक्य आहे. अॅट्राझीन मारलेल्या शेतात तूर, मूग, मटकी जगत नाहीत. त्यामुळे मक्यातील आंतरपीक ह्या औषधापायी सोडावे लागते, आणि घरची डाळ विकत घ्यावी लागते. हा खर्च कोणी तणनाशकाच्या खात्यावर लिहीत नाही.

आता उरलेल्या झाडांविषयी. ऑस्ट्रेलियात गव्हातील एक गवत एकामागून एक औषधांस बधेनासे झाले, तेव्हा तेथील रे हॅरिंग्टन नावाच्या शेतकऱ्याने कापणीच्या वेळी भुशाबरोबर बाहेर पडणारे तणाचे बी चिरडून टाकणारे यंत्रच तयार केले. हजारो एकरांच्या शेतीस ते ठीक आहे. इकडे दोन-चार एकरांच्या मक्यात तेच काम एक-दोन माणसांस एका दिवसात हाताने करता येते. फुलावर आलेले माठ, चाकवत, गाजरगवत ओळीओळीतून फिरून उपटावयाचे. बी धरले असेल तर ते बांधावर न टाकता शेताबाहेर नेऊन नष्ट करावयाचे. गाजरगवत उपटताना हातमोजे घालावेत, कारण त्याने अंगाला खाज सुटते. ह्या दिवसाची मजुरी अनेकांस वायफळ वाटते, कारण तोवर मका डोक्याइतका वाढलेला असतो आणि खालच्या चार झाडांनी त्या साली उत्पन्न घटत नाही. मजुरी त्या सालच्या मक्यासाठी नसतेच. गाजरगवताचे एक झाड दहा हजारांहून अधिक बी टाकते, आणि माठही ह्या बाबतीत मागे नाही.

बी बाहेरूनही येते. गव्हाच्या कापणीस पंजाब-हरियाणाकडील मोठी यंत्रे इकडे येतात व गावोगाव फिरतात. मक्याची मळणीयंत्रेही एका शिवारातून दुसऱ्या शिवारात जातात. यंत्र शेतात शिरण्यापूर्वी त्याचा भुसा व तळाची घाण बांधाबाहेर झाडून घेण्याचा आग्रह शेतकऱ्याने धरावा. अर्धकुजे शेणखत हाही तणाच्या बियांचा मोठा वाहक आहे.

झाडे उपटण्याची फेरी पोळ्याच्या सुमारास व्हावयास पाहिजे. दसऱ्यानंतर मका लासूरच्या बाजारात येऊ लागतो, तेव्हा माठाचे बी केव्हाच जमिनीवर सांडलेले असते.